सहा कोंबड्यांचं खुराडं : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

जुनं खुराडं आज मोडलं. मोडण्याआधी तासभर त्याच्यासमोर बसून ते नीट पाहिलं. परवा रात्री त्यातल्या चारपैकी दोन कोंबड्या गेल्या, आणि त्या कशा गेल्या हे कळल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं.

कडी लागलेली होती. जमीन कुठे उकरलेली नव्हती. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात षटकोनी जाळीची तार तीन ठिकाणी तुटून आत वळली होती, आणि शेजारच्या स्टेपलच्या दोन पिना लाकडातून उपटून आल्या होत्या. भोक माझ्या मुठीपेक्षा थोडं मोठं. ते मुंगूस होतं की बोका, हे कळायला मार्ग नाही. पण जे कुणी होतं त्याने दार शोधलंच नाही. जिथे तार हलत होती तिथे ओढलं.

ही पिळाची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला ती अडवत नाही. इतकी वर्षं मी या दोन्ही गोष्टी एकच धरून चालले होते.

तांबडी आणि कवडी वाचल्या, कारण त्या वरच्या दांडीवर होत्या. सध्या रात्री त्यांना सामानाच्या खोलीत ठेवते. लेक दोन दिवस परसात फिरकली नव्हती. आज मोडताना आली, तुटलेल्या तारेचा एक तुकडा उचलला आणि म्हणाली, "नवीन जाळी आणशील तेव्हा याच्याशी ताडून बघू."

५ नोव्हेंबर

जागा ठरवायला तीन दिवस घेतले. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी परसात खुंट्या ठोकून सावली कुठून कुठे सरकते ते पाहिलं. झाडाखालची जागा दुपारी सावलीत असते आणि सकाळी तिथे कोवळं ऊन येतं. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची तर तिला चोच उघडून धापा टाकाव्या लागतात, म्हणून दुपारची सावली आधी आणि बाकी सगळं नंतर.

मग चार बादल्या पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहिलं. ज्या कोपऱ्यावर माझा डोळा होता तिथे पाणी अर्धा तास साचून राहिलं. तो कोपरा रद्द. तिथून आठ फूट वर, किंचित चढावर जागा धरली. रात्री टॉर्च घेऊन चपला घालून लगेच पोचता येईल इतकी ती घराजवळ आहे, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब आहे. आमच्या भागात किती पक्षी पाळता येतात आणि कुंपणापासून किती अंतर सोडावं लागतं, हेही विचारून घेतलं. लाकूड कापल्यावर हे विचारण्यात अर्थ नसतो.

९ नोव्हेंबर

कागदावरचं माप.

कोंबड्या सहा. आत झोपण्याची जागा प्रत्येकी ४ चौरस फूट, म्हणजे २४. तेव्हा खुराडं ४ फूट बाय ६ फूट. बाहेरच्या जाळीदार आवारासाठी प्रत्येकी १० चौरस फूट पुरतात, पण आमच्याकडे कोंबड्या दिवसभर मोकळ्या सोडता येणार नाहीत, म्हणून १२ धरले. आवार ६ बाय १२, म्हणजे ७२ चौरस फूट. खुराड्याची ६ फुटांची बाजू आवाराच्या ६ फुटांच्या बाजूला टेकेल, म्हणजे दोन्ही मिळून १६ बाय ६ चा एकच लांब आयत होईल.

खुराड्याची जमीन मातीपासून २ फूट वर. खाली सावलीची जागा मिळते, लाकूड ओलीपासून लांब राहतं, आणि उंदीर-घुशींना फळीखाली घर करता येत नाही. जमिनीलगत बसवलेल्या लाकडी तळाखाली काय काय राहायला येतं ते जुनं खुराडं उचलल्यावर पाहिलं आहे.

आवाराची उंची साडेसहा फूट. दादा म्हणाला, चार फूट पुरे, लाकूड वाचेल. मी ऐकलं नाही. वाकून झाडावी लागणारी जागा पहिले दोन आठवडे झाडली जाते, नंतर तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

१० नोव्हेंबर

आज दिवसभर हवेवरून वाद. ही नोंद लांबणार आहे, कारण सगळ्या बांधकामात मला याच गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी होती.

छपराखाली दोन्ही लांब भिंतींच्या माथ्यावर सहा-सहा इंचांची उघडी फट मी काढली होती, जाळी लावलेली पण कायम उघडी. दादाने नकाशा पाहिला आणि म्हणाला, "अगं, एवढी मोठी फट ठेवलीस तर गारठून जातील बिचाऱ्या."

त्याचं वाटणं स्वाभाविक आहे. आपण खोलीत झोपतो तेव्हा खिडक्या लावून घेतो. पण कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि पिसं फुलवून बसली की ती स्वतःची ऊब स्वतः धरून ठेवते. कोरड्या थंडीशी तिचं जमतं. तिला त्रास होतो तो ओलीचा. सहा कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, त्यात वाफ असते. दिवसभरात जेवढी शीट पडते, त्यातली निम्मी रात्री दांडीखाली पडते, तिच्यातही पाणीच जास्त. ही ओल बाहेर गेली नाही तर शीट कुजायला लागते आणि तिच्यातून अमोनिया निघतो. डोळे चुरचुरण्याचा तो वास आपल्याला येण्याइतका झाला, की कोंबडीच्या श्वासनळीला तो आधीच झोंबायला लागलेला असतो.

म्हणून हिशेब असा : प्रत्येक कोंबडीमागे सुमारे १ चौरस फूट उघडी जागा. सहा फूट लांब आणि अर्धा फूट उंच फट म्हणजे ३ चौरस फूट. समोरासमोर दोन, म्हणजे ६. पुढची भिंत उंच आणि मागची बुटकी ठेवली की गरम ओली हवा उंच बाजूने वर निघून जाते आणि ताजी दुसरीकडून येते.

"पण झोत?" दादाने विचारलं. हा प्रश्न मात्र खरा होता. हवा डोक्यावरून जायला हवी. अंगावरून गेली तर पिसांमधली ऊब उडून जाते. मी म्हटलं, फट उंचावर आहे, झोत लागणार नाही. लेकीने मात्र नकाशाच्या मापाने पुठ्ठ्याची कोंबडी कापली होती. ती तिने दांडीवर ठेवली आणि डोकं बरोबर मागच्या फटीसमोर आलं.

मग आम्ही सामानाच्या खोलीत जाऊन दांडीवर बसलेल्या तांबडीची उंची फुटपट्टीने मोजली. १३ इंच. माझ्या नकाशात दांडी २४ इंचांवर होती, म्हणजे डोकं ३७ वर, आणि मागची भिंतच मुळी ३६ इंचांची! रात्रभर थंड हवा थेट तुऱ्यावर.

नवा हिशेब : मागची भिंत ४२ इंच, पुढची ५४. मागची फट ३६ पासून ४२ पर्यंत. दांडी १८ इंचांवर आणली. आता डोकं ३१ इंचांवर येतं, फटीच्या पाच इंच खाली. चार फुटांत एक फुटाचा उतार मिळतो, तो पावसाला पुरेसा आहे.

दांडी खाली आणली म्हणून अंड्यांचे कप्पेही खाली आले. कप्प्याचा तळ दांडीपेक्षा बुटका हवाच. कोंबडी झोपायला सापडेल ती सर्वांत उंच जागा धरते, आणि कप्पा उंच असला तर त्यातच झोपते, त्यातच घाण करते, मग अंडी मळतात. कप्पे दोन, प्रत्येकी एक फूट बाय एक फूट, जमिनीपासून सहा इंचांवर. तीन-चार कोंबड्यांना एक पुरतो. चार केले तरी सगळ्या एकाच कप्प्यासमोर रांग लावतील, हे तांबडीने आणि तिच्या सख्यांनी मला आधीच दाखवलं आहे.

पुठ्ठ्याची कोंबडी नकाशाच्या कागदाला टाचणीने लावून ठेवली आहे.

१६ नोव्हेंबर

पाया. खांबांखाली सपाट दगड बसवले, म्हणजे लाकडाला माती लागणार नाही. वाळवी वर चढायला लागली तर तिची मातीची रेघ दगडावर उघडी दिसेल.

चौकट काटकोनात आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही. कर्ण मोजावे लागतात. ४ बाय ६ चा कर्ण ७ फूट अडीच इंच यायला हवा. एक आला ७ फूट ३, दुसरा ७ फूट २. लांब कर्णाच्या टोकाला दादाने खांद्याने रेटा दिला, मी दुसऱ्या टोकाला फीत धरली, आणि दोन्ही सारखे झाल्यावर लगेच तिरकी पट्टी ठोकली. आवाराचा कर्ण १३ फूट ५ इंच, तो पहिल्याच खेपेला जमला.

१७ नोव्हेंबर

पाऊस. काम नाही. पाणी कुठे वाहतं ते छत्री घेऊन पाहून आले. जागा बरोबर निवडली आहे.

२३ नोव्हेंबर

तळाची फळी बसली. सांधे भरले, वरून गुळगुळीत चटई ताणून खिळवली, कडा भिंतीवर चार बोटं वर घेतल्या. खरवडून झाडता आलं पाहिजे.

मागच्या भिंतीचा अर्धा भाग दरवाजासारखा पूर्ण उघडतो. त्याच्या उंबऱ्याला पाच इंचांची सुटी फळी खाचेत बसवली आहे. ती वर ओढून काढली की आतला सगळा भुसा ढकलगाडीत ओढून घेता येतो. ही कल्पना दादाची, आणि अख्ख्या खुराड्यात मला सर्वांत आवडलेली.

२६ नोव्हेंबर

चार नव्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरण्या कोंबड्या, आल्या, चौदा आठवड्यांच्या. त्या आमच्याकडे आणल्याच नाहीत, दादाच्या परसात ठेवल्या आहेत. नवा पक्षी वरून धडधाकट दिसतो आणि तरीही सोबत रोग किंवा पिसवा आणतो. महिनाभर वेगळं ठेवायचं, शीट पाहायची, नाक-डोळे पाहायचे, पंखाखालची पिसं बाजूला करून कातडी पाहायची. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी दिली आहे, पुढची कधी, हे लिहून घेतलं. आपल्या जुन्या कोंबड्यांचं आधी करायचं आणि मग नव्यांकडे जायचं. उलट कधीच नाही. दादाकडे जाताना मी वेगळ्या चपला घालते.

३० नोव्हेंबर

भिंती उभ्या राहिल्या. आतून चुन्याचे दोन हात दिले. लाकडाच्या फटींमध्ये लाल पिसवा (माइट नावाचे बारीक जीव) दिवसा लपून बसतात आणि रात्री झोपलेल्या कोंबडीवर चढून रक्त पितात. चुन्याने फटी बुजतात, आणि पांढऱ्या भिंतीवर काही चालत असेल तर दिसतं.

दांडी बसवली. एकच, सहा फूट लांब, म्हणजे प्रत्येकीला फूटभर जागा. दोन दांड्या खालीवर लावल्या की वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडण ठरलेलं. लाकूड चार इंच रुंद, सपाट बाजू वर, कडा रंध्याने गोल केल्या. पातळ गोल काठीवर कोंबडीला रात्रभर पाय आवळून बसावं लागतं. सपाट फळीवर ती पाय पसरते, त्यावर पोट टेकते आणि बोटं पिसांखाली झाकली जातात. भिंतीपासून एक फूट अंतर सोडलं, नाहीतर शेपटी घासते. दोन्ही टोकं खाचेत ठेवली आहेत, खिळे नाहीत. उचलून उन्हात टाकता आली पाहिजे, कारण पिसवांना खाचेची टोकं फार आवडतात.

७ डिसेंबर

जाळी.

अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी, तार साधारण एक मिलिमीटर जाड. लेकीने जपून ठेवलेला तुकडा आणला. जुनी तार तिने स्वतःच्या बोटांनी वाकवली. नवी वाकली नाही. मग तिने चौकोनात करंगळी घालून पाहिली. जेमतेम पेर जातं. एक इंचाची जाळी हलकी असते आणि लावायला सोपी, पण तिच्यातून उंदीर सहज येतो आणि बाहेरून पंजा आत घालून झोपलेल्या कोंबडीचा पाय धरता येतो. जाळीशेजारी बसलेल्या कोंबडीला तर आत शिरल्याशिवायही मारता येतं.

पिना यावेळी नाहीत. रुंद वायसर घातलेले स्क्रू, दर चार इंचांवर. वायसर जाळीच्या चार-पाच चौकोनांवर दाब देतो, तार ओढली तरी एकट्या तारेवर जोर येत नाही. जाळीच्या दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे तीन इंच एकमेकींवर चढवल्या आणि मधून लाकडी पट्टी मारली. सांधा कधीही अधांतरी ठेवला नाही, प्रत्येक सांध्यामागे लाकूड आहे. दोन दिवसांत हातांवर इतके ओरखडे आले की साबण लावताना डोळ्यांत पाणी येतं. कापलेली प्रत्येक कड आत वळवून पक्कडीने दाबली, कारण तीच कड पुढे कोंबडीच्या डोळ्याशी असणार.

आता जमिनीचं. खोल चर खणून जाळी पुरायची असा पहिला विचार होता. पण पुरलेली जाळी गंजते आणि ती गंजलेली आपल्याला दिसत नाही. म्हणून झालर केली : दीड फूट रुंदीची जाळी भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरायची, भिंतीच्या जाळीला तारेने शिवायची, वाकड्या खुंट्यांनी जमिनीला टाचायची. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावून तिथेच उकरतं. पायाखाली जाळी लागते. दीड फूट मागे जाऊन उकरावं हे त्याच्या लक्षात येत नाही. काही महिन्यांत गवत वर येतं आणि जाळी जमिनीला शिवली जाते.

परिघ ४४ फूट, म्हणून मी ४४ फूट जाळी कापून ठेवली. पसरल्यावर चारही कोपऱ्यांत दीड-दीड फुटांचा चौकोन उघडा! सरळ पट्ट्या कोपऱ्यावर भेटतच नाहीत. आणि जनावर पहिल्यांदा हुंगतं ते कोपराच, जुन्या खुराड्यातही कोपराच गेला होता. प्रत्येक कोपऱ्याला दीड फूट जादा, एकूण ५० फूट लागतात. आणखी सहा फूट आणायला जावं लागलं. हे माप कुणी करत असेल तर कोपरे आधी मोजावेत.

१४ डिसेंबर

दारं आणि कड्या. नुसती फिरवायची लाकडी खिट्टी कुठेही नाही. प्रत्येक दाराला कडी-कोयंडा आणि त्यात अडकवायचा आकडा, म्हणजे उघडायला दोन वेगळ्या हालचाली लागतात. दाराच्या खालच्या कोपऱ्यालाही एक जादा अडसर, कारण वरची कडी घट्ट असली तरी दार खालून ओढलं की फाकतं.

कोंबड्यांची झडप १२ बाय १४ इंच, खाचेत वरखाली सरकणारी. दोरी बाहेर आली आहे. उतरंडीची फळी चार फूट लांब, दर सहा इंचांवर आडवी पट्टी.

१८ डिसेंबर

आज रात्रीची परीक्षा. लेकीला दिवा देऊन खुराड्यात बसवलं, दारं लावली, आणि मी व दादा अंधारात बाहेरून चारी बाजूंनी फिरलो. जिथे उजेडाची चीर बोटापेक्षा जाड दिसेल तिथे खडूने खूण करायची.

दाराजवळ दोन सापडल्या, त्या अपेक्षित होत्या. पण छपराकडे पाहून दोघेही थबकलो. पत्र्याला नाळ्या असतात. पत्रा भिंतीच्या माथ्याच्या लाकडावर टेकतो तो नाळ्यांच्या तळाशीच. प्रत्येक उंचवट्याखाली अर्धचंद्रासारखा उजेड दिसत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फटींना जाळी लावली, भिंतींना लावली, जमिनीला लावली, आणि वळचणीखाली पंधरा-सोळा दारं उघडी राहिली होती. प्रत्येकातून उंदीर आरामात जाईल. दिवसा ती दिसलीच नव्हती, कारण दिवसा तिथे सावली असते.

आतून लेक विचारत होती, "किती भोकं? सांगा ना."

१९ डिसेंबर

जाळीचे तुकडे गुंडाळून प्रत्येक नाळीत कोंबले आणि आतून पट्टी मारली. हवा जाते, जनावर जात नाही. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत एवढंच काम. रात्री पुन्हा दिवा. जाळीखेरीज उजेडाची जाड चीर कुठेच नाही.

२१ डिसेंबर

काल संध्याकाळी झालरीभोवती चाळलेल्या राखेचा हातभर पट्टा पसरला होता. आज पहाटे त्यावर मांजराची पावलं, सरळ रेषेत, न थांबता. आणि वायव्येच्या कोपऱ्यात दुसरीच, लहान, नखं उमटलेली. त्या कोपऱ्यावर माती विस्कटली आहे, खाली तार उघडी पडली आहे, आणि तिथून पावलं परत फिरली आहेत.

आत अजून एकही कोंबडी नाही, तरी कुणीतरी कोपरा तपासून गेलं. त्या जादा सहा फुटांवर हात ठेवून थोडा वेळ बसले.

२४ डिसेंबर

आतली मांडणी. तळावर चार इंच लाकडाचा कीस. बारीक भुसा टाळला, तो धुळीसारखा उडतो आणि ओला झाला की लगदा होतो. दांडीखाली सरकवता येणारी फळी, रोज सकाळी खरवडायची. सहा कोंबड्यांची दिवसाची शीट पाऊण किलोच्या आसपास जाते, त्यातली निम्मी या एका फळीवर सापडली तर बाकीचा कीस महिनोन्महिने कोरडा राहतो. खरवडलेलं सरळ खताच्या ढिगात, वाळक्या पानांबरोबर. ताजी शीट झाडाला घातली तर मुळं जळतात.

आवारात वाळक्या पानांचा जाड थर. छपराच्या बाजूचा अर्धा भाग पत्र्याने झाकला आहे, उरलेल्या अर्ध्यावर वरूनही तीच जाळी, कारण घार वरून येते आणि बोका चढून येतो. पत्र्याखालच्या कोरड्या कोपऱ्यात जुन्या टायरमध्ये माती, वाळू आणि थोडी राख : धुळीत लोळायची जागा. कोंबडीची आंघोळ तीच, पिसांतले किडे त्यानेच झडतात.

खाद्याचं भांडं टांगलेलं, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर. पाणी खुराड्याबाहेर, आवारात. आत सांडलं की पुन्हा ओलीचं तेच सगळं सुरू. खाद्याची पोती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. उंदीर कोंबडीसाठी येत नाही, दाण्यासाठी येतो, आणि त्याच्यामागून साप.

२८ डिसेंबर

सगळ्या सहा जणी आत.

अंधार पडल्यावर तलंगांना उचलून दांडीवर तांबडी आणि कवडीच्या शेजारी बसवलं. अंधारात कोंबडी भांडत नाही. सकाळी मात्र भांडण झालंच. कवडीने राखाडी तलंगेच्या डोक्यावर दोन टोचे मारले, तलंग कोपऱ्यात. रक्त नाही, म्हणून मध्ये पडले नाही. आपसातला मान त्यांचा त्यांनाच ठरवू द्यायचा. माझं काम एवढंच की खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन ठेवायची, एकमेकांपासून लांब, म्हणजे एकीला दोन्ही अडवता येणार नाहीत.

तीन दिवस आवाराची झडप बंद, तेवढ्यापुरती पाण्याची भांडीही आत. आपलं घर कोणतं हे आधी कळू दे.

१ जानेवारी

झडप उघडली. संध्याकाळी दोघी जुन्या सवयीने आत गेल्या. चार तलंगा उतरंडीखाली एकमेकींना चिकटून बसल्या. एकेक उचलून दांडीवर ठेवली. लेकीला वाटलं की त्यांना घर आवडलं नाही.

४ जानेवारी

आज तिसऱ्या संध्याकाळनंतर तिघी आपोआप चढल्या. राखाडी उरली होती, तीही अंधार दाटल्यावर गेली.

९ जानेवारी

रात्री फार गारठा होता. सकाळी दार उघडलं तर डोळ्यांना चुरचुरलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते, काही दांडीवर पडले होते, कवडीची पाठ ओली. दोन्ही फटींवर गोणपाट ठोकलेलं.

दादा काल संध्याकाळी येऊन गेला होता. काळजीनेच केलं त्याने. मी फोन केला तर आलाच. काही बोलला नाही, आत डोकं घातलं, श्वास घेतला, आणि स्वतःच्या हाताने दोन्ही गोणपाटं काढली. मग बोट फिरवून एक थेंब घेतला आणि म्हणाला, "एका रात्रीत एवढं?"

वरचा कीस बदलला. दुपारपर्यंत पत्रा कोरडा. संध्याकाळी वास नाही.

यापुढे रोज सकाळी मी दांडीच्या उंचीला नाक नेऊन श्वास घेईन. उभ्याने वास येत नाही, कोंबडीच्या उंचीला येतो.

२३ जानेवारी

काळ्या तलंगेचं पहिलं अंडं. लहान, कवचावर थोडं रक्त, पहिल्या अंड्यांना असतं कधी कधी. लेकीने कप्प्यात आधीच लाकडी अंडं ठेवलं होतं, त्याच्याच शेजारी घातलं.

तलंगांना आतापर्यंत वाढीचंच खाद्य देत होते. अंडी देणाऱ्यांच्या खाद्यात चुन्याचं प्रमाण खूप असतं, न घालणाऱ्या लहान पक्ष्याच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. म्हणून सगळ्यांना एकच खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. जिला हवा ती खाते. तांबडी रोज संध्याकाळी त्या वाटीपाशी उभी असते. चौघी घालायला लागल्या की खाद्य बदलेन.

१५ फेब्रुवारी

रात्री टॉर्च घेऊन पिसवांची तपासणी. दांडीच्या टोकांच्या खाचांत पांढरं फडकं फिरवलं. लाल डाग नाहीत. दर पंधरा दिवसांनी हेच.

पाचजणी अंडी देतात. राखाडी अजून नाही.

८ मार्च

दुपारी ऊन तापायला लागलं. कवडी पंख अंगापासून फाकवून चोच उघडी ठेवून बसली होती. पाण्याचं तिसरं भांडं सावलीत ठेवलं. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट लागतं. खुराड्याखालच्या मातीवर पाणी शिंपडलं, तर सगळ्या सहा जणी जाऊन त्या ओल्या सावलीत पोट टेकून बसल्या. तळ दोन फूट उंच ठेवला त्याचा हा उपयोग मी नकाशात लिहिला होता, पण इतका होईल असं वाटलं नव्हतं.

२२ मार्च

महिन्याची फेरी. प्रत्येक स्क्रूवर बोट ठेवून एकेक तपासला. आवाराच्या दारापाशी एक सैल सापडला, वायसरखालचं लाकूड आकसलं होतं. जाड स्क्रू घातला. बाकी सगळं घट्ट.

वायव्येच्या कोपऱ्यात झालरीतून गवत वर आलं आहे, बोटभर उंच. खुंटी उपटून पाहिली तर जाळी उचलली गेली नाही, मुळांनी धरून ठेवली आहे. राखाडीने आज पहिलं अंडं दिलं, तेही कप्प्यात न घालता धुळीच्या टायरात. लेकीने ते उचलून माझ्या हातावर ठेवलं तेव्हा अजून गरम होतं.